परतीच्या पट्ट्या

रामदासपेठेतल्या त्या मुलांच्या शाळेत पाय टाकल्याबरोबर पुष्पलताच्या लक्षात आलं, की आपण इथे कोणालाच नको आहोत. कॉम्प्युटरच्या खोलीच्या दारातच मधुसूदन सरांनी तिला अडवलं आणि तिच्या हातातल्या कॅसेटकडे बोट दाखवलं.

"काय आहे यात? भजनं?"

मागची पोरं फिदीफिदी हसली.

"प्रोग्रॅम आहे सर. साडीच्या काठाचा."

"आणि लिहिला कोणी?"

"मी."

"तू!" सर म्हणाले आणि दारातून जेमतेम वीतभर बाजूला झाले. पुष्पलता अंग चोरून आत शिरली नाही. सर आणखी सरकेपर्यंत ती तशीच उभी राहिली, आणि सरांना सरकावं लागलं.

भांडण जुनंच होतं. सत्त्याऐंशी साल. सरकारी योजनेतून महाल भागातल्या मुलींच्या शाळेला, म्हणजे पुष्पलताच्या शाळेला, एक कॉम्प्युटर मिळाला होता, या शाळेलाही अगदी तसाच एक. पण सरांचं एकावर भागत नव्हतं. मुलींकडचं मशीन धूळ खात पडलंय, ते आम्हाला द्या, असं सांगून सांगून त्यांनी शिक्षण खात्यातल्या साहेबांचे कान भरले होते. म्हणून आज साहेब स्वतः प्रदर्शनाला आले होते. मुलींचा प्रोग्रॅम चालताना दिसला तर मशीन महालात राहणार, नाही तर सोमवारी टेम्पोत बसून इकडे येणार. प्रदर्शन इथे आणि सगळ्यांचे प्रोग्रॅम इथल्याच मशीनवर, हा आग्रहही सरांचाच.

आणि महालातलं ते मशीन म्हणजे पुष्पलताचा जीव. नववीपर्यंत वर्गात हजेरी देतानासुद्धा जिचा आवाज फुटत नसे, ती दहावीतली पोर या वर्षभरात शाळेच्या जिन्यावरून गाणी म्हणत उतरायला लागली होती.

तिने कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये घातली. टेप किरकिरली, प्रोग्रॅम आत गेला. पडद्यावर काठ उमटायचा, तिथे दोनच शब्द आले. नो रूम.

म्हणजे जागा नाही.

"संपलं," सर म्हणाले. "प्रोग्रॅम खोटा."

"काल आमच्या शाळेत चालला सर! बाईंनी पाहिला." तिने यमुताईंकडे पाहिलं. विज्ञानाच्या यमुताई तिच्यासोबत आल्या होत्या. त्यांनी जोरात मान हलवली.

"कंपनी तीच, मशीन तेच. मग चूक कोणाची?"

पुष्पलताने की-बोर्डकडे हात नेला, तसे सर ओरडले, "हात लावायचा नाही! बाहेरच्यांनी आमच्या मशीनला हात लावायचा नाही. काय ते रविंद्रला सांग, तो दाबेल."

रविंद्र खुर्चीत रेलून बसला होता. अकरावीतला, शाळेच्या कॉम्प्युटर मंडळाचा कॅप्टन.

"बोल वं," तो म्हणाला. "काय दाबू? गळा?"

पुन्हा सगळे हसले. पुष्पलताच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"साहेब हॉलमध्ये चहा घेताहेत," यमुताई तिच्या कानाशी म्हणाल्या. "मी त्यांना बोलण्यात गुंतवते. तेवढ्यात जमव." आणि त्या गेल्या.

"मशीन बंद करून पुन्हा चालू कर," पुष्पलता म्हणाली.

"काहून? भूत उतरवाचं हाय का?"

"तू कर ना गा."

त्याने जांभई देत भिंतीवरचा स्विच खालीवर केला. पडद्यावर मशीनचं नाव आलं, भाषेचं नाव आलं आणि त्या दोहोंच्या मध्ये आणखी एक ओळ आली. पुष्पलता पुढे वाकली. ही ओळ महालात येत नसे. तिथे नुसता टेपरेकॉर्डर होता. इथे मशीनच्या शेजारी एक नवाकोरा डबा होता, डिस्कचा.

"या डिस्कले काम कराले जागा लागत असन ना? ते कुठून घेते?"

"मशीनमधूनच घेते. आकाशातून घेते का?"

"मंग मायी जागा हिनंच खाल्ली!" रागात तिची उरलीसुरली शाळेची भाषाही गळून पडली. "सर, मशीन तेच नाही हे. याला डिस्क जोडलेली आहे. डिस्क बंद करा, माझा प्रोग्रॅम आत्ता चालतो."

"मायी जागा," सरांनी तिची नक्कल केली. "आमचं बुद्धिबळ डिस्कवर आहे. साहेबांना ते दाखवायचंय. डिस्क बंद होणार नाही."

म्हणजे प्रोग्रॅमच आखूड करायचा. पण कापायचं काय? सगळी जागा खाल्ली होती ती रुईफुलाच्या काठाने, आणि तो तिने आई सांगते तसाच लिहिला होता. तांडापेठेत त्यांच्या घरी मागावर नवीन काठ चढवायचा, तर आई मैनाबाई जुन्या साडीचा काठ मांडीवर घेऊन बोलत जाई. भर, भर, सोड, भर. बाबा एकेका लाकडी पट्टीत त्याप्रमाणे खुंट्या ठोकत, आणि त्या पट्ट्यांची साखळी मागावर फिरे. फूल अर्धं झालं की पुढचं अर्धं म्हणजे तेच उलटं. पण आई तेही शेवटपर्यंत बोलायची. परतीचं डोक्यावर सोडलं की माणूस चुकतं, असा तिचा हेका. पुष्पलतानेही ते शेवटपर्यंत लिहून काढलं होतं, एका पट्टीला एक ओळ. येण्याच्या पट्ट्या आणि परतीच्या पट्ट्या.

पट्ट्या कमी पडल्या की मात्र बाबा आईचं ऐकत नसत. साखळी टोकाला आली की हाताने उलटी फिरवत.

"कॅसेट पुन्हा आत घे आणि अर्ध्यानंतरच्या सगळ्या ओळी खोडून टाक," ती म्हणाली.

रविंद्र आता सरळ बसला. "पागल झाली का? फूल अर्धं येईल."

"तू खोड. मी बोलतो ते फक्त लिही."

आणि ती आईसारखी बोलत सुटली. एका सुरात, न थांबता, पुढच्याला विचार करायला फट न ठेवता. टोकापर्यंत ओळी सरळ वाच. टोक आलं की त्याच ओळी उलट्या क्रमाने वाच. "आणि टोकाची ओळ दुसऱ्यांदा नको. तिच्या अलीकडची धर." रविंद्र दाबत गेला. सर हाताची घडी घालून दारात उभे होते.

तेवढ्यात यमुताईंबरोबर साहेब आलेच.

"चालवा पाहू," साहेब म्हणाले.

पडद्यावर काठ उमटू लागला. नो रूम नाही! एक फूल, दुसरं फूल. पुष्पलताचा आनंद मात्र तिथेच थिजला. प्रत्येक फूल मधोमध सुजलं होतं. टोकाची ओळ दोनदा आली होती.

"काठ असा असतो होय?" सर लगेच म्हणाले. "पाहिलंत ना साहेब? चुकीचंच आहे."

पुष्पलताने रविंद्रकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

"टोकाची ओळ दुसऱ्यांदा नको म्हटलं होतं मी," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "मुद्दाम घेतली ना गा तू? कर एकाने कमी."

"मले ऐकू नाही आलं."

"आता आलं ना? कर!"

साहेबांनी चष्मा वर सरकवून रविंद्रकडे पाहिलं. त्याने एक आकडा बदलला.

या वेळी रुईफूल आलं ते आईच्या मांडीवरच्या साडीतल्यासारखं. नेटकं, कुठेच न सुजलेलं. एकामागून एक फुलं चढत पडदा वरपर्यंत भरला.

"धूळ खाणाऱ्या मशीनवर होत नाही हे," साहेब सरांना म्हणाले. "मुलींचं मशीन मुलींकडेच राहील." आणि यमुताईंबरोबर ते पुढच्या खोलीकडे वळले.

पुष्पलताला तिथेच उडी मारावीशी वाटली. पण तिने आधी कॅसेट काढली. पाठीमागे सर हळू आवाजात बोलत होते.

"रविंद्र, हे आपल्या डिस्कवर उतरवून घे. पुढच्या वर्षी आपल्या नावाने लावू. लिहिला तर तूच आहेस."

"हो सर." त्याची बोटं की-बोर्डकडे गेली.

पुष्पलता वळली. आखूड केलेला प्रोग्रॅम या घटकेला फक्त या मशीनच्या पोटात होता, डिस्कवर नाही की तिच्या कॅसेटवरही नाही. आणि तिच्या डोक्यात होता.

की-बोर्डला हात लावायचा नव्हता. स्विच भिंतीवर होता. भिंतीबद्दल कोणी काही बोललं नव्हतं.

तिने तो खट्कन बंद केला.

पडदा काळा पडला. रविंद्रची बोटं अधांतरी राहिली. "काय केलंस वं!" तो किंचाळला. सर दोन पावलं तिच्यावर धावून आले.

पुष्पलता जागची हलली नाही. "पुन्हा लिहा ना," ती म्हणाली. "मी बोलणार नाही फक्त."

मग ती दाराकडे निघाली. सर या वेळी आपणहून बाजूला झाले.