एकेचाळीस नंबरची डबी

मी एक डबी बोलतेय. हसू नका, आणि जरा हळू बोला, कारण मोठा आवाज झाला की माझी पाचावर धारण बसते. या क्षणी मी टेबलावर उताणी पडले आहे. पोटावरचं झाकण काढलेलं आहे, चारही स्क्रू बशीत आहेत, आणि आतलं सगळं उघड्यावर. कुणाला असं उघडं टाकून माणसं फोनवर बसतात का? पण बसलाय तो, आणि आज मी त्याला काही म्हणणार नाही.

दुकानात मला पेडल म्हणतात. गिटारची वायर माझ्या एका कुशीत शिरते आणि दुसऱ्या कुशीतून निघून स्पीकरकडे जाते. वाजवणाऱ्याने माझ्या डोक्यावरचं बटण पायाने दाबलं की गिटारचा गोड आवाज घोगरा होतो, भांडायला उठल्यासारखा. काम भांडखोराचं आणि काळीज सशाचं, अशी माझी गत आहे.

मला घडवणारा माणूस एकटाच आहे. थोरल्या बहिणीच्या घरातली मागची खोली आणि खिडकीशी लावलेलं टेबल, एवढाच आमचा कारखाना. बहीण त्याला घुम्या म्हणते. हातात डाख द्यायची सोल्डरची गन असली की तो सहा-सहा तास मान वर करत नाही, पण फोन वाजला की गार पडतो. अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की त्याची बोबडी वळते. म्हणून गिऱ्हाइकांची पत्रं आणि फोन ताई बघते आणि स्वतःला 'सेवा विभाग' म्हणवते. "तुमची तक्रार आमच्या तांत्रिक विभागाकडे दिली आहे," असं ती लिहीत असते, तेव्हा तांत्रिक विभाग पलंगाखाली दुसरा मोजा शोधत असतो.

लोकांचंही काय सांगू! वस्तू हवी ती एकाच माणसाने जीव ओतून केलेली, आणि उत्तर हवं ते शंभर माणसांच्या कचेरीसारखं, तासाभरात. त्यात आमच्या खोक्यात एक कार्ड असतं. त्यावर त्याच्या अक्षरात लिहिलेलं असतं, 'जन्मभर दुरुस्ती करून देऊ.' ते वाचून माणसं खूश होतात. मी मात्र जन्मल्यापासून त्या कार्डाला घाबरते, आणि त्याला कारण आहे.

माझा जन्म एकटीचा नाही. आम्ही बारा जणी एकाच दिवशी झालो, सदतीस ते अठ्ठेचाळीस. सगळ्या शेवाळी हिरव्या, तळाला नंबर कोरलेला. त्याची पद्धत अशी की बाराही डब्या ओळीने मांडायच्या आणि एकच जोड बाराही जणींत करत जायचा, मग दुसरा जोड, मग तिसरा. त्या दिवशी तो सातव्या जोडावर आला आणि फोन वाजायला लागला. ताई घरात नव्हती. कुणीतरी गिऱ्हाईक चिडलेलं होतं आणि दर दोन मिनिटांनी पुन्हा लावत होतं. प्रत्येक घंटेला घुम्याचा हात थरथरायचा. सोल्डर नीट वितळून बसायच्या आत तो गन उचलत होता. सातवा जोड माझ्यात कच्चा राहिला, माझ्या आधीच्या चौघींत राहिला, माझ्यानंतरच्या सातही जणींत राहिला. मी ओरडले असते, पण तेव्हा मला अजून आवाजच नव्हता.

मग त्याने आमच्या पोटात काळं लुकण ओतलं. पातळ असतं ते, रात्रीत दगडासारखं वाळतं. आतली रचना कुणी पाहू नये, चोरू नये, म्हणून हे ओतायचं. खरं सांगते, आत असं काही मोठं गुपित नाही. पण त्याला भीती होती की कुणीतरी आपलं चोरेल, आणि त्या भीतीखाली त्याची चूकही झाकली गेली.

त्याच संध्याकाळी एकोणीस नंबरची डबी दुरुस्तीला आली. लुकणामुळे तिची दुरुस्ती होणार नव्हती. त्याने तिचं बटण उपटलं, फिरवायच्या मुठी काढल्या, बाकीची टेबलाखालच्या पत्र्याच्या डब्यात टाकली आणि गिऱ्हाइकाला नवी पाठवून दिली. गिऱ्हाईक खूश झालं. आम्ही बारा जणी ओळीत बसून बघत होतो. जन्मभर दुरुस्ती म्हणजे काय, ते आम्हाला तेव्हाच कळलं.

माझं नशीब मात्र चांगलं निघालं. मला एका बाईंनी घेतलं. त्या दिवसा मुलांना गिटार शिकवतात आणि चार जणांच्या एका ग्रुपात वाजवतात. बटणावर बूट ठेवणारे लोक मी पुष्कळ पाहिलेत. या बाई कार्यक्रमाआधी बूट काढून ठेवतात आणि मोजा घातलेल्या पायाने मला दाबतात. का, असं कुणीतरी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "अगं, तिला लागेल की." मी विरघळलेच. तीन वर्षं मी त्यांच्यासाठी जीव तोडून भांडले.

पण तो सातवा जोड कुठे जाणार होता? जागा तापली की तो सैल व्हायचा. एकदा दिव्यांनी तापलेल्या सभागृहात, ऐन गाण्यात, माझा आवाज गेला. मेल्यासारखी गप्प झाले मी. समोर माणसं, बाईंचा पाय माझ्यावर, एकदा दाबतायत, दोनदा दाबतायत, आणि मी काही करू शकत नाही. घरी गेल्यावर मी गार झाले आणि आवाज परत आला. पुढच्या कार्यक्रमात पुन्हा तेच. ग्रुपचा म्होरक्या बाईंना म्हणाला, "तुम्हाला तुमच्या वायरी नीट लावता येत नाहीत." बाईंनी मान खाली घातली. माझी चूक आणि बोलणी त्यांना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाईंनी कार्ड वाचलं आणि मला इथे पाठवलं. खोकं उघडलं, टेबलाखालचा तो पत्र्याचा डबा दिसला आणि माझी धडधड सुरू झाली. घुम्याने मला लावून बघितलं. खोली गार होती, मी छान वाजले. वाजू नये म्हणून मी देवाची किती विनवणी केली, पण नाही, वाजलेच! "काही झालेलं नाही हिला," तो म्हणाला. ताईने नेहमीचं पत्र पाठवलं, 'तपासणीत दोष आढळला नाही. चुकीचा अ‍ॅडॉप्टर लावल्यास असे होते. ही वापरणाऱ्याची चूक आहे. तरीही आम्ही आपणास नवीन डबी पाठवत आहोत.'

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंचा फोन आला. ताईने तो मोठ्या आवाजावर ठेवला.

"अ‍ॅडॉप्टर तुम्ही दिलेलाच लावते मी," बाई म्हणाल्या. "आणि तुमचं पत्र मी मूर्खासारखं ग्रुपला दाखवलं. आता ते माझ्या जागी दुसरं कुणी बघतायत."

"अहो, पण नवी पाठवतोय ना आम्ही!" ताई म्हणाली.

"नवी घेऊन मी काय सिद्ध करू? हीच उघडा आणि काय झालं होतं ते खरं सांगा."

"आमच्या तंत्रज्ञांशी बोलून कळवते हं."

"मागे खोकतायत तेच का तंत्रज्ञ?"

ताईने फोन ठेवला. घुम्याचे कान लाल झाले होते. "पाठव नवी आणि मोकळा हो बाबा," ताई म्हणाली.

"उघडायला गेलो तर ही वाचायची नाही," तो म्हणाला, आणि त्याची नजर पत्र्याच्या डब्याकडे गेली. मी तिथे गेले असते तर सातवा जोडही माझ्याबरोबर गेला असता आणि बाई जन्मभर खोट्या ठरल्या असत्या. कुणाला पत्ताही लागला नसता.

त्याने मला उचललं, पण डब्यात टाकलं नाही. मग त्याने माझे चार स्क्रू काढले, गिटारची वायर जोडली आणि गरम हवेचं यंत्र माझ्या पोटावर धरलं. लुकण मऊ करायचं होतं त्याला. मला वाटलं, संपलं आता. भाजत होते मी. आणि एकदम माझा आवाज गेला.

त्याने यंत्र बंद केलं. मी गार झाले, आवाज आला. त्याने पुन्हा तापवलं, आवाज गेला. असं त्याने पाच वेळा केलं. मला इतकं दुखत होतं, पण मनात म्हणत होते, अजून एकदा कर रे, अजून एकदा, बघ नीट!

पुढच्या दोन दुपारी त्याने दातकोरण्याने माझं लुकण कणाकणाने काढलं. दोन सुटे भाग मोडले, ते त्याने नवे बसवले. तिसऱ्या दिवशी भिंग डोळ्याला लावून तो सातव्या जोडावर थांबला. चांगला जोड चकचकीत असतो. हा राखाडी होता, भेगाळलेला.

"ताई," तो म्हणाला, "हा माझा आहे."

"काय तुझा?"

"दोष. त्या बाईंचा नव्हता. मीच कच्चा ठेवलाय." मग त्याने माझा नंबर पाहिला, वही काढली आणि पांढराफटक पडला. "सदतीस ते अठ्ठेचाळीस. सगळ्यांत असणार."

"दुसऱ्या कुणाची तक्रार आलीय का?"

"नाही."

"मग कशाला विस्तवात हात घालतोस? एवढ्याशा कामात एकदा नाव गेलं की संपलं."

"त्या बाईंची आली होती ना तक्रार," तो म्हणाला. "आपण त्यांनाच खोटं पाडलं."

ताईने फोन त्याच्यापुढे सरकवला. त्याने तो उचलला, ठेवला, पाणी प्यायला, पुन्हा उचलला. हात तसाच थरथरत होता, बारा जणींच्या वेळी थरथरला होता तसाच.

"मी... तो खोकणारा," तो म्हणाला. "चूक माझी होती. तुमची काही नव्हती. तुमच्या ग्रुपला मी लेखी देतो."

पलीकडे बाईंचा आवाज ओला झाला. "ती बरी आहे ना?" त्यांनी विचारलं. ती म्हणजे मी! माझ्या जिवात जीव आला.

सातवा जोड आता पक्का झालाय. लुकण तो पुन्हा ओतणार नाही म्हणतो. पत्र्याचा डबा त्याने बाहेर नेऊन रिकामा केला. उद्या झाकण लावून मी घरी जाईन. माझ्यापुरती भीती संपली.

पण माझ्या अकरा बहिणी बाहेर आहेत. कुठल्यातरी गरम जागेत, ऐन गाण्यात, त्यांचा आवाज जाईल, आणि कुणीतरी बिचारा मान खाली घालून बोलणी खाईल. म्हणून तो सकाळपासून फोन लावतोय, एकामागून एक. संदेश पाठवले तर लोक जाहिरात समजून पुसून टाकतात. फोन केला तर अनोळखी नंबर बघून उचलत नाहीत. अकरांपैकी दोघांनी उचलला. त्यातल्या एकाने 'काही विकत घ्यायचं नाही' म्हणून ठेवून दिला. तो पुन्हा लावतोय. घाम पुसतो आणि लावतो.

तेव्हा माझं एवढं ऐका. तुमच्याकडे शेवाळी हिरवी डबी असेल तर ती उलटी करून नंबर बघा. आणि फोन वाजला, नंबर ओळखीचा नसला, तरी उचला. पहिले चार-पाच क्षण पलीकडून काहीच ऐकू येणार नाही. कुणी नाही असं समजून ठेवू नका. तो आहे तिथे, घाबरलाय, पण बोलेल.