वजनदार फुगे

सत्य कितीही दडवलं तरी एक दिवस ते लख्ख डोळ्यांसमोर उभं राहतं, असं मंडळाचे अध्यक्ष दत्तोपंत धीरगंभीर आवाजात म्हणाले. सत्य त्या वेळी बत्तीस इंची टीव्हीवर उभं होतं आणि त्याला दोन डोकी होती.

देवासच्या त्या महाराष्ट्र मंडळाच्या कचेरीत चौघं जण टीव्हीसमोर खुर्च्या ओढून बसले होते. पडद्यावर मंडळाच्या स्वयंपाकघराचं मागचं दार दिसत होतं. दारातून भवानीबाई कडेवर पत्र्याचा डबा घेऊन बाहेर पडत होत्या. त्यांच्या मागे वीतभर अंतर राखून आणखी एक बाई चालली होती. जराशी पुसट, पण तेच नऊवारी, तोच अंबाडा आणि कडेवर तसाच डबा. भवानीबाई उंबऱ्याला अडखळल्या, तर तीही त्याच क्षणी अडखळली.

"साथीदार," दत्तोपंत म्हणाले.

"पूरी गँग आहे काका," मयुरेश म्हणाला. मयुरेश मंडळाचा सहसचिव, वय पस्तीस. मंडळात कॅमेरे बसवायची कल्पना त्याची, आणि ते धारहून पुरवणारा अक्षत हा त्याचा मेहुणा.

कोठीत तुपाचे डबे पाचाऐवजी चारच सापडले होते, हे प्रकरणाचं मूळ. भवानीबाई एकोणीस वर्षं मंडळाचा स्वयंपाक करत होत्या आणि स्वयंपाकघरामागच्या खोलीत राहत होत्या. चोरी त्यांचीच असं रविवारच्या बैठकीत ठरलं, तर काम आणि खोली दोन्ही जाणार होती. दुसरी खोली त्यांना नव्हती.

रत्नाकर खासगीवाले मागच्या खुर्चीत बसून हे सगळं पाहत होते. एकतीस वर्षं त्यांनी कारखान्यातली मोजमापाची यंत्रं दुरुस्त केली होती, आणि आता निवृत्तीनंतर ते माणसं पाहत होते. यंत्रं बरी, असं त्यांचं मत होत चाललं होतं.

"दत्तोपंत, त्या भिंतीवर घड्याळं किती आहेत?"

"एक."

"टीव्हीत किती दिसतायत?"

दत्तोपंतांनी मान पुढे काढली. घड्याळं दोन होती. दाराच्या चौकटी दोन होत्या. कॅलेंडरवरचे गणपतीही दोन होते.

"घड्याळालाही साथीदार आहे," रत्नाकर म्हणाले.

"घड्याळ चोरी नहीं गया ना काका," मयुरेश म्हणाला.

रत्नाकर समजावू लागले. कॅमेऱ्यातलं चित्र रेकॉर्डरपर्यंत बारीक जोडतारेनं येतं. त्या तारेच्या दोन्ही टोकांना बोटाच्या पेराएवढी एकेक काळी डबी लागते, तिला बलून म्हणतात. डबी चांगली असेल तर चित्र सरळ येतं. वाईट असेल तर तारेच्या टोकावर आपटून मागे जातं आणि पुन्हा येतं. विहिरीत हाक मारली की हाक परत येते, तसं. ही दुसरी बाई म्हणजे पहिलीच, फक्त उशिरा पोचलेली.

"बलून तर तुम्हीच पास केले होते," मयुरेश म्हणाला. "विनोदिनीकाकू, काढा ना रजिस्टर."

विनोदिनीबाई मंडळाच्या सचिव. जुन्या सरंजामी घराण्यातल्या, आणि इतिवृत्तात परके शब्द शिरू न देण्याबद्दल प्रसिद्ध. त्यांनी पान उघडून वाचलं, "'कॅमेऱ्यांकरिता फुगे, नग सोळा. गुणवत्ता परीक्षण उपसमितीने फुगे हाती घेऊन पाहिले. फुगे वजनदार असून समाधानकारक आहेत. सही, रत्नाकर विष्णू खासगीवाले.'"

"फुगे?" रत्नाकर म्हणाले.

"बलून म्हणजे फुगाच की."

सही त्यांचीच होती. दोन वर्षांपूर्वी मयुरेशनं हातावर एक डबी ठेवली होती, त्यांनी ती तळहातावर तोलली होती, "बरी आहे" म्हटलं होतं आणि चहाकडे वळले होते. उघडून पाहिली नव्हती. कारखान्यात एखाद्या पोरानं असं केलं असतं तर त्यांनी त्याला आठवडाभर झाडू मारायला लावलं असतं. त्यांना स्वतःची किळस आली. ती नवीन होती, आजवर ती इतरांसाठी राखून ठेवलेली होती.

बाहेर येऊन ते स्वयंपाकघराशी गेले. भवानीबाई पायरीवर बसून मेथी निवडत होत्या.

"डबा कसला होता तो?"

"तुपाचाच. पण रिकामा. त्यात गहू भरून चक्कीवर नेला. असं मी तिघांना सांगितलं. तिघं विचारतात, मागची बाई कोण." त्यांनी एक काडी मोडली. "माझी सख्खी बहीण कधी इतकी माझ्या मागंमागं आली नाही, रत्नाकरराव. भेटली तर म्हणावं, निदान गिरणीपर्यंत डबा तरी धर."

दुसऱ्या दिवशी रत्नाकर धारला गेले. अक्षतचं दुकान बसस्टँडपासून जवळ होतं. तिथे कॅमेरे, इन्व्हर्टर, मोबाइलची कव्हरं आणि उन्हाळा म्हणून कूलरचं गवत असा सगळा सुरक्षेचा माल होता.

"बलूनमध्ये तीन क्वालिटी आहेत काका," अक्षत म्हणाला. "चालू, मीडियम आणि ओरिजिनल. मंडळाला ओरिजिनलच दिली होती. घरका मामला."

"फरक काय?"

"हात में लो ना. वजन बघा. हलका माल म्हणजे हलकाच."

रत्नाकरांनी तिन्ही घेतल्या. तिन्हींचं वजन सारखं होतं. डब्यांच्या खोक्यांचे रंग मात्र तीन होते, आणि ओरिजिनलच्या खोक्यावर सोनेरी गरुड होता. मागे एकच पोतं होतं, त्यातून अक्षतनं तिन्ही काढल्या होत्या. ते त्यानं लपवायचा प्रयत्नही केला नव्हता, हे रत्नाकरांना जास्त लागलं. माणूस फसवताना निदान पाठ तरी वळवतो.

"उघडू का?"

"खोल लो. खोलून कोण बघतं काका?"

त्यांनी खिशातला पेचकस काढला. चांगल्या बलूनमध्ये एक बारीकशी काळी कडी असते आणि तिच्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे वेढे. सगळं कर्तृत्व त्या कडीचं. चालूची डबी फुटली. आत दोन तारा इकडून तिकडे गेल्या होत्या आणि पिवळ्या चिकट डिंकात एक लोखंडी नट बसवला होता. मीडियममध्ये दोन तारा आणि एक नट. ओरिजिनलमध्ये दोन तारा, एक नट आणि डिंकात अडकून मेलेली मुंगी. डिंकाला कुजक्या वासाचा भपकारा होता. तो बोटांना चिकटला आणि धुऊनही गेला नाही.

"हा नट कशाला?"

"वजनासाठी," अक्षत म्हणाला, जणू काकांनी भातात मीठ कशाला असं विचारलं. "रिकामी डबी कोणी घेतच नाही. पब्लिक हातात घेऊन तोलते. पब्लिकला जे पायजे ते कंपनी देते."

"चित्र दोन दिसतं त्यानं."

"दिसतं ना? बिलकुल काही न दाखवणारेही बलून येतात काका. आणि नट ओरिजिनल आहे, गंजत नाही."

रत्नाकरांना रागवायचं होतं. पण ज्या पब्लिकबद्दल हा बोलत होता, तिची सही मंडळाच्या रजिस्टरात होती. त्यांनी फोडलेल्या तिन्ही डब्या पिशवीत घातल्या. येताना इंदूरला उतरून चार दुकानं हिंडले, एक जोडी विकत घेऊन तिथेच फोडली, आत कडी दिसल्यावर तसलीच दुसरी घेतली. दुकानदार त्यांच्याकडे वेड्याकडे पाहावं तसा पाहत होता.

रविवारी बैठक भरली. रत्नाकरांनी तिन्ही डब्या आणि एक पानी अहवाल टेबलावर ठेवला. नट हातोहात फिरला. विनोदिनीबाईंनी तो रुमालात धरून पाहिला. मग रत्नाकरांनी दत्तोपंतांना स्वयंपाकघराच्या दारात उभं राहायची विनंती केली. दत्तोपंत गेले. टीव्हीवर दोन दत्तोपंत उभे राहिले. दोघांनी एकदमच कान खाजवला.

"मागचे जास्त ताठ उभे आहेत," विनोदिनीबाई म्हणाल्या.

मग रत्नाकर शिडीवर चढले आणि कॅमेऱ्याकडची डबी बदलली. उतरून रेकॉर्डरकडची बदलली. टीव्हीवर एकच दत्तोपंत उरले, एका घड्याळाखाली, एका चौकटीत. रत्नाकरांना वाटलं, झालं. इतकं स्वच्छ सिद्ध झालेलं त्यांनी आयुष्यात फार थोडं पाहिलं होतं.

"म्हणजे साथीदार नव्हताच," दत्तोपंत बसत म्हणाले.

"नव्हता."

"हे सिद्ध झालं असं लिहा, विनोदिनीबाई."

"मतलब बाईनं अकेलीनं केलं," मयुरेश म्हणाला. "मग तर केस अजून सरळ झाली. आधी अर्धा गुन्हा दुसरीचा होता."

दत्तोपंतांनी मान हलवली. त्यांना ते पटलं होतं. रत्नाकर मयुरेशकडे पाहत राहिले. बसमध्ये त्यांनी बऱ्याच मूर्खपणाची तयारी केली होती, पण या मूर्खपणापर्यंत त्यांची कल्पना पोचली नव्हती. धारच्या डिंकाचा वास अजून बोटांना होता.

"तुपाचे डबे पाच होते, हे मोजलं कोणी?" त्यांनी विचारलं.

विनोदिनीबाईंनी रजिस्टरची पानं चाळली.

"आपण नेहमी पाच आणतो," विनोदिनीबाई म्हणाल्या.

"या वेळी मोजले?"

"डबे काय मोजायचे? दिसतातच की."

"मोजणी आज विषयपत्रिकेवर नाही," दत्तोपंत म्हणाले. "ठराव लिहा. भवानीबाईंनी येत्या शनिवारपर्यंत खोली रिकामी करावी."

"मी याला विरोध नोंदवतो," रत्नाकर म्हणाले.

"नोंदवा. विरोध एक."

विनोदिनीबाईंचं पेन 'शनिवारपर्यंत' लिहून थांबलं.

"शनिवारी अनारसे तळायचे आहेत," त्या म्हणाल्या.

अधिक महिना चालू होता. पुढच्या रविवारी मंडळात समस्त जावयांचं जेवण होतं. बेचाळीस जावई, आणि प्रत्येकाला तेहतीस अनारसे.

"केटररला बोल देंगे," मयुरेश म्हणाला.

"मागच्या अधिकात भवानीबाई नर्मदेवर नेमावरला गेल्या होत्या, तेव्हा केटररच केला होता," दत्तोपंत हळू म्हणाले. "सगळे हसले."

"जावई?" रत्नाकरांनी विचारलं.

"आधी अनारसे. तुपात सोडले की विरघळायचे. चमच्यानं वाढले. मग जावई हसले. माझा तर अजून हसतो."

विनोदिनीबाईंनी ठरावावर आडवी रेघ मारली. कोणी हरकत घेतली नाही. रत्नाकरांनी आपले तीन नट पिशवीत टाकले आणि उठले. अहवालाचं पान टेबलावरच राहिलं, त्यावर मयुरेशनं चहाचा कप ठेवला होता.

भवानीबाई खोलीतच राहिल्या. तुपात न हसणारा अनारसा देवासात दुसऱ्या कोणाला येत नव्हता.