कडेला ढकललेली दीर्घिका

तुम्ही दुर्बीण भलतीकडे वळवलीत, आणि वर मलाच कळवलंत की तिथे काही नाही.

तुम्ही म्हणजे वेळ वाटणारी समिती. अवकाशातल्या क्ष-किरण दुर्बिणीने कधी, कुठे बघायचं ते ठरवणारे सात जण. मी डेटा-खोलीतली, बिनपदवीची. चौदा वर्षं तांदळातले खडे काढावेत तशा इतरांच्या चित्रांतल्या खोट्या नोंदी निवडतेय. खोलीत मला ‘चाळणी’ म्हणतात. क्ष-किरण शिकले ते जेवणाच्या सुट्टीत, लोकांनी टाकून दिलेल्या पुस्तकांतून.

तीन वर्षांपूर्वी एका जुन्या चित्रात, कुणी ढुंकूनही न पाहिलेल्या दूरच्या दीर्घिकेत, एकाच ठिपक्यावर क्ष-किरणांचे अकरा कण दिसले. आजूबाजूला एखाददुसरा. तिथे एखादं लहानसं कृष्णविवर काहीतरी गिळत असावं.

घरी आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, “अकराच? अगं, माझ्या चष्म्यावर याहून जास्त धूळ असते!”

“धूळ पुसता येते, आत्या. हे पुसून जात नाहीत.”

खात्री करायला पुन्हा बघणं भाग होतं. दोन वर्षं अर्जामागे लागले, तेव्हा कुठे तुम्ही चाळीस तास दिलेत. काल चित्र आलं. मधोमध शेजारची झगमगीत दीर्घिका, जिचे आजवर पन्नास फोटो निघालेत. माझी पार कडेला.

या दुर्बिणीचा आरसा मध्यभागीच नेमकं बघतो. कडेला प्रकाश फिसकटतो, ओल्या शाईवर अंगठा फिरवल्यासारखा. मधे अकरा कणांचा ठिपका होतो, कडेला त्यांचा पत्ताही लागत नाही. हे तुमच्याच माहितीपुस्तकात छापलंय.

मी तडक आमच्या मॅडमकडे गेले. अर्जावर शास्त्रज्ञ म्हणून सही त्यांची होती.

“दोन अर्ज शेजारशेजारचे होते, म्हणून एकत्र केले,” त्या म्हणाल्या. “वेळ वाचवला म्हणतात.”

“कुणाचा?”

“हळू बोल, चाळणी.”

“म्हणजे ग्रुप फोटोत मला खांबामागे उभं करायचं, आणि मग म्हणायचं, ही आलीच नव्हती!”

त्यांना हसू आलं. मग त्यांनी अहवालाची शेवटची ओळ दाखवली. ‘स्रोत आढळला नाही. नोंद यादीतून काढावी. फेरअर्ज स्वीकारला जाणार नाही.’ हरकत घ्यायला महिन्याची मुदत, आणि शास्त्रज्ञाची सही हवी.

मी हरकतीसाठी कागद पुढे केला. त्यांनी पेनचं टोपण काढलं, पुन्हा लावलं.

“माझाही अर्ज त्याच सात जणांसमोर आहे गं.”

मी कागद उचलला आणि घरी आले. आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “पाठव बिनसहीचं. फार तर काय, तुला कडेला ढकलतील. तिथेच तर आहेस!”

म्हणून हे बिनसहीचं पत्र. तुमच्याच तक्त्यांवरून मी गणित केलंय, सोबत जोडलंय. तुम्ही जिथे ढकललंत तिथे अकरा सोडा, चाळीस कण आले असते तरी ते उठून दिसले नसते. मग ‘आढळला नाही’ हे कशाच्या जोरावर लिहिलंत? बघितलं नाही आणि दिसलं नाही, यांतला फरक सातांपैकी एकालाही कळला नाही, की कळूनही सह्या केल्यात?

नियम दाखवू नका. माझ्या गणितात चूक असेल तर ती ओळ दाखवा. नसेल तर दुर्बीण कधी वळवताय, तेवढं लिहा.