एकच लेन्स

कुसुमने पिशवीतून तिन्ही लेन्स काढून काउंटरवर मांडल्या आणि नवऱ्याकडे, भास्कररावांकडे, न बघता म्हणाली,

"संजू, ह्या घे आणि एकच दे. रोज वापरता येईल अशी. मला काही ही काढघाल जमत नाही."

संजूने आधी भास्कररावसरांकडे पाहिलं. आमलीत कॅमेऱ्यांचं दुकान टाकण्याआधी तो त्यांच्याच वर्गात बसलेला. झूमचं नाव काढलं की सर कसे उखडतात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. "जवळून फोटो हवाय ना? मग चार पावलं चाल की!" असं म्हणून त्यांनी दर सहलीला पोरांना पिदवलं होतं.

आज मात्र ते उखडले नाहीत.

"हिला फोटोग्राफी शिकायचीय," ते म्हणाले. "आत्ता, साठीला!"

कुसुम हसली. खरं तर तिला कॅमेऱ्यात काडीचाही रस नव्हता. भास्कररावच हल्ली लेन्स काढायचे आणि कुठे ठेवली ते विसरायचे. एक तांदळाच्या डब्यात सापडली. परवा खेरडीला बगळे टिपायला गेले, तर लेन्स शेताच्या बांधावर ठेवून उघडा कॅमेरा गळ्यात घालून घरी आले. आतमध्ये धूळच धूळ. वापीच्या डॉक्टरांनी, भास्करराव बाहेर चपला घालत असताना, आजाराचं नाव तिच्या कानावर घातलं होतं. "आई, कॅमेराच काढून घे आता," असं धनश्री फोनवर म्हणाली. लेकीला सांगायला काय जातं! कॅमेरा काढून घेतला असता तर भास्करराव सकाळी उठले तरी असते का, याचीच कुसुमला भीती होती. म्हणून हे सोंग. लेन्स अशी हवी होती, की जी कधी काढावीच लागू नये. आणि ती कुणासाठी घेतोय, हे त्यांना कळता कामा नये.

संजूने दोन लेन्स पुढे ठेवल्या.

"सर, ही बारकी आहे, वजनाला एकदम हलकी. आणि ही मोठी जरा भारी पडंल, पण एकातच समदं येतं. लग्नवाले भाई लोक हीच नेतात."

भास्कररावांनी मोठी लेन्स कॅमेऱ्याला बसवली आणि दाराकडे रोखली. समोर मसाटच्या कारखान्याची बस थांबली होती, डबे घेतलेल्या बाया चढत होत्या.

"इकडे ये कुसुम. हे असं फिरव. बघ, त्या बाईच्या बांगड्या दिसल्या? आता उलटं फिरव, सगळी बस आली. आता तुझी चार पावलं वाचली."

बोट नेमकं हवं तिथे पडत होतं, शब्द कुठे अडत नव्हता. कुसुमचा जीव क्षणभर भांड्यात पडला. डॉक्टरही चुकतातच की!

"हीच दे," ते संजूला म्हणाले. "जड असली तरी चालेल. पुन्हा दुसरी लागायला नको."

कुसुम पर्समध्ये पैसे शोधायला वळली. मागून त्यांचा आवाज आला, जरा हळू.

"संजू, चिकटपट्टी आहे? काळी, कापडी?"

"आहे ना सर. कशाला?"

"लेन्स सोडायचं हे बटण आहे ना, त्यावर लाव. घट्ट लाव."

"पण सर, मग काकूंना कधी लेन्स काढायची झाली तर..."

"तिचा हात नाही जात तिकडे," भास्करराव म्हणाले. "माझा जातो."

कुसुमचा हात पर्समध्येच राहिला. एवढं जपून जपून बोललेलं खोटं, आणि ते त्यांनी तिच्यासाठीच तिच्याबरोबर निभावलं होतं. तिला मोठ्याने रडावंसं वाटलं. ती काउंटरपाशी परत आली. संजूने पट्टी लावली होती, पण एक कड सुटली होती. कुसुमने अंगठ्याने ती दाबून धरली.

"आणखी एक लाव," ती म्हणाली.

दुसरी पट्टी लागली. भास्कररावांनी कॅमेरा उचलला, नेहमीसारखा स्वतःच्या गळ्यात न घालता तिच्या गळ्यात घातला आणि पट्टा तिच्या मापाचा केला.

"मग, शिकणार ना खरंच?"

"शिकते," कुसुम म्हणाली. "पण लवकर शिकवा."