क्रॅश्ड आउट

पडदे शिवण्याच्या कारखान्यात ती मशीनवर बसली होती. बाराच्या सुमारास फोनवर निरोप आला. नवरा व्हॅन चालवायचा, त्याच्या गोदामातल्या नव्या कारकुनाने इंग्रजीत लिहिलं होतं, "ही क्रॅश्ड आउट इन द व्हॅन. डोंट वेट फॉर हिम."

क्रॅश तिला कळलं, आउटही कळलं. गाडी आदळली आणि हा बाहेर फेकला गेला. वाट पाहू नका. एक वाजता दोघं भाड्याची खोली बघायला जाणार होती.

नवऱ्याचा फोन बंद. कारकून उचलेना. मग तिने धाकट्या दिराला फोन लावला. सासऱ्यांच्या शेवटच्या दिवशीही नवरा गाडीवर गेला होता, तेव्हापासून चार वर्षं भावाभावांत बोलणं नव्हतं.

"भाऊजी, तुमचे दादा..." पुढे तिला बोलवेना. निरोप तिने कसाबसा वाचून दाखवला.

पलीकडे वर्कशॉपमधलं लेथ मशीन थांबल्याचं ऐकू आलं. "वहिनी, तिथेच थांबा. निघालोच."

तो तेलकट कपड्यांनिशीच आला. वाटेत म्हणाला, "तोंड दाखवू नकोस म्हणालो होतो मी त्याला."

गोदामाच्या दारात कारकून उभा होता. या दोघांचे चेहरे बघून तोच पांढरा पडला.

"कुठे नेलंय त्यांना?" तिने विचारलं.

"नेलं कुठे? ते काय, व्हॅनमध्ये. पहाटे चारपासून गाडीवर होते, आल्या आल्या आडवे झाले. उठवायचा जीव होईना, म्हणून कळवलं."

"अहो, क्रॅश झालं असं लिहिलंत ना तुम्ही?"

"क्रॅश्ड आउट, ताई. म्हणजे दमून गाढ झोपले. बोलण्यात म्हणतात तसं." त्याचा आवाज बारीक झाला. "चुकलंच माझं."

ती तिथेच एका खोक्यावर मटकन बसली. ना रडू येत होतं, ना राग.

दिराने व्हॅनचं मागचं दार उघडलं. आत थोरला तोंड उघडं टाकून घोरत होता. धाकटा त्याच्याकडे बघत राहिला आणि मग पायाशी बसून बाहीने डोळे पुसायला लागला.

त्या हालचालीने थोरल्याला जाग आली. "तू?" तो उठून बसला. "काय झालं? कोण गेलं?"

"कोणी नाही, दादा," धाकटा म्हणाला. "झोप तू. मी आहे इथे."