पिवळा रेनकोट

घरात तिला सगळे टकळी म्हणत, कारण तिचं तोंड एकदा सुरू झालं की थांबायचं नाव घेत नसे. पण सुट्टीत तिने मोबाइलवर अख्खा सिनेमा काढला, तेव्हा बाबासुद्धा म्हणाले, पोरीत दम आहे.

सिनेमाचा हीरो त्यांचाच कुत्रा, भोपळ्या. नदी समुद्राला मिळते तिथल्या वाळूवर छोटे राखाडी पक्षी उघड्यावरच अंडी घालत. ते आता जगात मोजकेच उरले होते, आणि त्यांची अंडी चोरून शौकिनांना विकणारे मात्र वाढले होते. बाबा तिथले राखणदार असले, तरी खरा पहारा भोपळ्याचा. अनोळखी पाऊल वाळूवर पडलं की तो असा सुटायचा की समोरच्याची पाचावर धारण बसायची.

सिनेमात चोर झाला मामा. पिवळा रेनकोट, नाकापर्यंत टोपी, हातात पिशवी. पहिल्याच दिवशी भोपळ्याने त्याला ओळखलं नाही आणि त्याच्या पँटचा पाय टराटरा फाडला.

"दिग्दर्शकबाई, पुढच्या वेळी मला झाडाचं काम द्या," मामा म्हणाला. "झाडाला कुत्रा चावत नाही. फार फार तर पाय वर करेल."

मग टकळीने शक्कल लढवली. मामाने रोज तोच रेनकोट घालून यायचं, आणि भोपळ्याने दात न लावता नुसती पिशवी ओढली की त्याला चीजचा तुकडा द्यायचा. थोड्याच दिवसांत पिवळा रंग दिसला रे दिसला की भोपळ्याची शेपूट पंख्यासारखी फिरू लागली. गुरगुरण्याचा आवाज तिने मागाहून चिकटवला आणि जिथे जिथे शेपूट दिसली तिथे कात्री लावली.

सिनेमा इंटरनेटवर टाकला आणि कौतुकाचा पूर आला. टकळीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. एका अनोळखी काकांनी तर फारच गोड लिहिलं होतं. एवढा भयंकर कुत्रा, आणि तू त्याला कसं गं पटवलंस? तिने सगळी हकिकत लिहून पाठवली. रेनकोट, चीज, सगळं. घरटी सध्या भरलेली आहेत का, हेही त्यांनी विचारलं. तिने तेही सांगून टाकलं.

मग एका कोरड्या ठणठणीत दुपारी ती शाळेतून आली, तर वाळूवरची घरटी रिकामी. पक्षी वर घिरट्या घालत ओरडत होते. भोपळ्या शेजारी बसून मिशा चाटत होता.

तिने रडत रडत बाबांना मोबाइलवरचे त्या काकांचे निरोप दाखवले. मामा कुत्र्यावरच घसरला, म्हणाला, खाल्ल्या अन्नाला जागला नाही.

"त्याला शिकवलं तेच त्याने केलं," बाबा म्हणाले. ते तिला रागावले नाहीत.

बुटांचे ठसे पलीकडच्या टोकाकडे गेले होते आणि भरतीच्या पाण्यापाशी माघारी वळले होते. त्या टोकाला अंडी असलेलं शेवटचं एक घरटं उरलं होतं. ओहोटी लागली की चोर परत येणार, हे सगळ्यांना कळलं. तो नदीकडूनच येईल म्हणून बाबा होडी घेऊन नदीच्या तोंडाशी दबा धरून बसले. टकळी आणि भोपळ्या पहाऱ्याच्या खोलीत.

रात्रीच्या ओहोटीला कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी ओसरू लागलं. खिडकीतून तिला ओली वाळू सोडून काहीच दिसत नव्हतं. तेवढ्यात भोपळ्याने कान टवकारले, हवा हुंगली, आणि त्याची शेपूट जमिनीवर आपटू लागली. आधी हळू. मग आनंदाने.

तिने बाबांना फोन लावला, भोपळ्याला खोलीत कोंडलं आणि वाळूवरून शेवटच्या घरट्याकडे धाव घेतली. नदीकडून नाही, तर मागच्या झाडीतून पिवळा रेनकोट घातलेला माणूस शांतपणे चालत येत होता. तिला पाहून त्याने टोपी मागे सारली.

"तूच ना ती सिनेमावाली?" तो गोड आवाजात म्हणाला. "कुत्रा कुठाय, बेटा?"

बाबांची होडी अजून ठिपक्याएवढीच होती. पायांशी पक्षीण अंड्यांवर अंग चोरून बसली होती. टकळी तिच्यापुढे उभी राहिली.

तो माणूस थांबला नाही, आणि टकळीही हलली नाही.