बादलीचा डाग

लग्नाला तीन आठवडे झाले होते, तेव्हा तो डाग तिच्या नावावर लागला आणि पुढची सव्वीस वर्षं तिच्याच नावावर राहिला.

सासरचं घर तीन खोल्यांचं, साधंच. पण त्याची लाकडी जमीन बघायला लोक मुद्दाम यायचे. ती सासऱ्यांनी स्वतः घातलेली होती. सासरे टपाल खात्यात कारकून. सुतारकाम त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी एकेक फळी रंधायची, खाचेत खाच बसवायची आणि पुढच्या सुट्टीची वाट बघायची, असं करत चार वर्षांत त्यांनी तिन्ही खोल्या पुऱ्या केल्या. शेवटची फळी बसली आणि सहा महिन्यांत ते गेले. त्यानंतर आठ महिन्यांनी ही सून म्हणून घरात आली. सासूबाई त्या जमिनीवर कुणाला चप्पल घालून येऊ देत नसत. स्वतःही अशा चालायच्या, की खाली कुणी झोपलं असावं.

त्या दिवशी ती मागच्या खोलीची जमीन पुसत होती. ही खोली नवऱ्याची, आता दोघांची. खिडक्या बंद होत्या, उजेड बेताचाच. खिडकीखालची सतरंजी तिने पहिल्यांदाच गुंडाळली, पाण्याची लोखंडी बादली तिथे टेकवली, तेवढ्यात दारावर कुणी आलं. बोलण्यात तास गेला. परत आली तर सासूबाई खोलीत उभ्या होत्या. बादली त्यांनी बाजूला केली होती आणि तिच्या जागी ताटलीएवढं काळं वर्तुळ दिसत होतं.

सासूबाई ओरडल्या नाहीत. खाली बसल्या, डागावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "वर्ष नाही झालं त्यांना जाऊन."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने माफी मागितली, रडली, लिंबू चोळलं, पुन्हा रडली. संध्याकाळी नवरा शाळेतून आला. तो गणिताचा मास्तर होता. दारातच थांबून त्याने एकदा डागाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि आईला म्हणाला, "होतं असं कधीतरी. नवीन आहे ती."

त्या घरात तिची बाजू घेणारं ते पहिलं वाक्य. लग्न ठरवून झालेलं, नवऱ्याची अजून धड ओळखही नव्हती. पुढे कितीतरी वेळा ती बहिणीला सांगायची, की माणूस कसा आहे ते मला त्या एका वाक्यात कळलं.

डाग मात्र गेला नाही. सासूबाईंनी तो झाकूही दिला नाही. सतरंजी गुंडाळून माळ्यावर गेली ती गेलीच. पाहुणे आले की जमिनीचं कौतुक व्हायचं आणि कौतुक मागच्या खोलीपर्यंत पोहोचलं की सासूबाई सांगायच्या, "लोकांच्या सुनांचं पाऊल उमटतं, आमच्या सुनेची बादली उमटली." दिराने त्या डागाला 'वहिनीची सही' असं नाव दिलं. सासूबाईंच्या बहिणी तर तिला पाठीमागे बादलीबाईच म्हणायच्या, आणि मग पाठीमागे म्हणायचंही सोडून दिलं. मुलगी झाली, ती चार वर्षांची असताना मैत्रिणींना खोलीत नेऊन दाखवायची, हा माझ्या आईने पाडला. सगळे हसायचे. तीही हसायची. न हसली तर मनाला लावून घेते म्हणतील, ही धास्ती.

पाहुणे येण्याआधी दर वेळी ती गुडघ्यांवर बसून तो डाग घासायची. खायचा सोडा झाला, टूथपेस्ट झाली, रॉकेल झालं. कुणी सांगितलं म्हणून तारेची घासणी आणि पाणी घेऊन ती वर्षानुवर्षं घासत राहिली. पालथ्या घड्यावर पाणी. डाग उलट अधिकच काळा वाटायचा. गुडघे दुखायला लागले, तसा नवरा म्हणायचा, "राहू दे ना, कोण बघतंय." तिला त्यातही त्याचा चांगुलपणा दिसायचा.

सासूबाईंनी ऐंशी ओलांडली आणि त्या वॉकर घेऊन चालायला लागल्या. वॉकरच्या रबरी बुडांनी तिन्ही खोल्यांत काळे फराटे पडले. त्यांच्या खाटेजवळ गरम दुधाच्या पेल्यांची पांढरी वर्तुळं उठली. या डागांबद्दल कुणी काही बोलत नव्हतं. पण दीर बऱ्याच वर्षांनी परदेशातून बायकोमुलांसह येणार असं ठरलं, तेव्हा सासूबाईंनीच सांगितलं, की पॉलिशवाल्याला बोलवा, यांची जमीन पोरांना नीट दिसू दे.

पॉलिशवाला आला नाही, पॉलिशवाली आली. पन्नाशीची, आखूड केसांची, खिशात खडू ठेवणारी बाई. वडिलांचा धंदा तिने उचलला होता. तिन्ही खोल्या ती वाकून वाकून फिरली, फळ्यांचे सांधे बोटाने चाचपले आणि ज्याने कुणी हे बसवलंय त्याला घाई नव्हती, एवढंच म्हणाली. मग कामाला लागली. रबराचे फराटे स्पिरिटच्या फडक्याने एका हातासरशी गेले. दुधाच्या वर्तुळांवर तिने सुती कापड टाकलं आणि वरून कोमट इस्त्री फिरवली. ओल फक्त पॉलिशमध्ये अडकलेली असते, लाकडात नाही, असं ती सांगत होती, तोवर वर्तुळं फिकी होत नाहीशी झाली. सून मागे मागे फिरत बघत होती. एवढं सोपं असतं, हे तिला माहीत नव्हतं.

दुपारी दोघी मागच्या खोलीत आल्या. सुनेने आधीच सांगून टाकलं, की हा माझा पराक्रम, नवी होते तेव्हा बादली ठेवली होती. पॉलिशवालीने मान हलवली, एक धारदार पातं घेतलं आणि डागावरचं जुनं पॉलिश खरवडायला सुरुवात केली. सव्वीस वर्षांचे मेणाचे, पॉलिशचे थर भुशासारखे निघाले. खालून डाग स्वच्छ दिसायला लागला. तिने हात थांबवला.

"ताई, ही बादली नाही."

"म्हणजे?"

"बादलीला मध्ये भोक असतं का?"

सून खाली बसली. बाहेर जाड काळं कडं होतं. बरोबर मधोमध दुसरं, रुपयाएवढं छोटं कडं होतं. दोन्हींच्या मध्ये काहीतरी वळणदार उमटलं होतं. पॉलिशवालीने त्यावरून बोट फिरवलं. आकडा होता. पाचाचा, उलटा.

पॉलिशवालीने तिला समजावलं, की लोखंड आणि पाणी एकत्र येऊन लाकडाला असं काळं करतात, पण ते तासाभराचं काम नव्हे. आठवडा तरी काहीतरी जड इथे ओलं पडून होतं. मग तिने विचारलं, की यावर तारेची घासणी मारत होता का. सून हो म्हणाली. त्या तारेचे कण फळीत शिरतात, तिथेच गंजतात आणि डाग वाढवतात, असं पॉलिशवालीने सांगितलं, आणि पुढे सहज म्हणाली, "म्हणजे थोडा डाग तुमचाही आहे."

सून स्टूल घेऊन माळ्यावर चढली. लग्नाआधी नवरा घरी व्यायाम करायचा, वजनं उचलायच्या त्याच्या लोखंडी चकत्या जुन्या चादरीत बांधून माळ्यावर टाकलेल्या होत्या, हे तिला ठाऊक होतं. दर वर्षी माळा झाडताना ते गाठोडं तीच सरकवायची. तिने गाठ सोडली. पाच किलोची एक चकती छातीशी धरून ती खाली उतरली आणि डागावर ठेवली. कड्यावर कडं बसलं. चकती उचलून तिने उलटी केली. त्या बाजूला गंजाची खरबरीत साय होती.

पॉलिशवालीने ते सगळं पाहिलं. गरम पाण्यात पांढरी पूड विरघळवली, ब्रशने डागावर लावली आणि म्हणाली, गंजाला एवढंच लागतं. अर्ध्या तासात डाग काळ्याचा करडा झाला, दुसऱ्या हाताला फिकट पिवळा, आणि मग तिथे नुसती ओली फळी राहिली. उद्या वाळली की पॉलिश मारते, असं सांगून ती गेली.

नवरा आला तेव्हा सून स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. चकती ओट्यावर ठेवलेली होती. त्याने ती पाहिली आणि खुर्ची ओढून बसला. तिने काही विचारायच्या आधीच तो बसला, यावरूनच तिला कळायचं ते कळलं.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

आधी त्याने आठवत नसल्यासारखं केलं. मग चष्मा काढून पुसायला लागला. लग्नाआधी तो मित्रांबरोबर आठवडाभर बाहेरगावी गेला होता. खिडकी उघडी राहिली, पावसाचं पाणी आत आलं, चकती त्यात पडून होती. आल्यावर त्याने डाग बघितला आणि वर सतरंजी टाकली. वडील नुकतेच गेले होते, आईला सांगायची हिंमत नव्हती.

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशी सांगणारच होतो. पण मी यायच्या आधीच तू माफी मागून बसली होतीस. मग म्हटलं उद्या सांगू. उद्यापर्यंत आईने मावश्यांना सांगितलं होतं. मग काय, राहूनच गेलं."

"सव्वीस वर्षं?"

"अगं, डागच होता तो. तुला कुणी घराबाहेर काढलं का? गमतीचा विषय झाला होता."

तिने सुरी खाली ठेवली. आईंना सांगा, एवढंच ती म्हणाली. तो लगेच नको म्हणाला. या वयात आईला कशाला त्रास, चार दिवस भाऊ येतोय, डागही गेलाय. मास्तर माणूस, मुद्दे क्रमाने मांडायची सवय. ती ऐकत राहिली आणि तिच्या डोक्यात ते जुनं वाक्य फिरत राहिलं. होतं असं कधीतरी. त्या वाक्याच्या भरवशावर ती या माणसाबरोबर राहिली होती. त्याच्या आजारपणांत जागली होती, त्याचा तिरसटपणा पोटात घातला होता, कारण मुळात माणूस चांगला आहे, हे तिने धरून ठेवलं होतं. तेव्हा तो तिला माफ करत नव्हता. स्वतःलाच करत होता.

सकाळी तो शाळेत गेल्यावर ती सासूबाईंच्या खाटेपाशी बसली आणि सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही. चकती, उलटा पाच, खिडकी, सतरंजी. सासूबाई डोळे मिटून ऐकत होत्या. ऐकून झाल्यावरही त्यांनी डोळे उघडले नाहीत. म्हातारीला धक्का बसला की काय म्हणून ती घाबरली.

"मला माहीत आहे," सासूबाई म्हणाल्या. "ती चकती मीच गाठोड्यात बांधली. खालून गंजली होती."

"कधी?"

"तू आल्यावर पाचेक महिन्यांनी असेल."

तिने विचारलं, की मग मला का बोलत राहिलात.

सासूबाईंनी पदराने डोळ्यांच्या कडा पुसल्या. रडत नव्हत्या, त्यांच्या डोळ्यांना पाणी यायचंच.

"पोराला काय बोलणार? त्याचा बाप गेलेला. सगळ्यांना सांगून बसले होते मी. आणि तू ऐकून घ्यायचीस."

एवढं बोलून त्यांनी वॉकर जवळ ओढायला सांगितला. तिने ओढून दिला.

पॉलिशवालीने दुपारी येऊन रंग असा जुळवला, की जागा शोधूनही सापडेना. त्यानंतर तीन दिवसांनी दीर आला. घर माणसांनी भरलं. पहिल्याच जेवणाला त्याने मागच्या खोलीत डोकावून आल्यावर मोठ्याने विचारलं, की वहिनी, सही पुसलीत की काय. त्याची बायको, मुलं, एक मावशी, सगळे हसले. नवरा ताटात बघत होता. सासूबाई पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या. तिने त्या दोघांना पुरेसा वेळ दिला. दोघंही ढिम्म.

"ती माझी नव्हती," ती वाढता वाढता म्हणाली. "यांची होती. व्यायामाची चकती पडून डाग पडला होता. दोघांनाही माहीत होतं."

दीर हसला. तिला वाटलं होतं तो भावाकडे बघेल, पण तो तिच्याकडेच बघून हसला आणि म्हणाला, वहिनींनी इतक्या वर्षांनी बरा सूड घेतला. मावशी म्हणाली, आता कुणाच्याही नावावर खपवा, डाग गेला ना. नवऱ्याने ताट पुढे करून भात मागितला. तिने वाढला.

दीर दोन आठवडे राहून गेला. जाताना मुलांनी मागच्या खोलीत लोळून फोटो काढून घेतले, आजोबांची जमीन म्हणून. घर रिकामं झालं त्या संध्याकाळी तिने आपलं अंथरूण, उशी, चार कपडे पुढच्या खोलीत आणले आणि भिंतीकडेचा दिवाण झोपायच्या सोयीने खिडकीकडे घ्यायला लागली. आवाज ऐकून नवरा बाहेर आला. हे काय, म्हणाला. आता मी इथे झोपणार, तिने सांगितलं. तो थोडा वेळ उभा राहिला. का, असं विचारील असं वाटत होतं. विचारलं असतं तर तिने सांगितलंही असतं.

"ओढू नकोस असा, चरे पडतील," तो म्हणाला आणि वाकून त्याने दिवाणाची दुसरी बाजू उचलली.